लाल ठिपका कुठे गेला?

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांवर इंग्रजीत इतकी पुस्तके आहेत की एका आयुष्यात वाचून संपणार नाहीत. गंमत म्हणजे त्यातली बरीचशी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी लिहिलेलीच नाहीत. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून, वीतभरही नसलेले विमान टेबलावर उभे करणाऱ्या छांदिष्टांसाठी ती लिहिली गेली. हा पोरखेळ वाटेल. पण इतिहास कसा तपासायचा, याचा एक चांगला धडा या पुस्तकांत आहे.

या छंदाचे मूळ युद्धातच आहे. ६ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले असताना, ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन विमाने शत्रूची समजून पाडली. एक तरुण वैमानिक मेला. आपले कोणते आणि परके कोणते, हे क्षणात ओळखता आले पाहिजे, ही त्या काळाची गरज होती. त्यासाठी छायाचित्रांची पुस्तके निघाली. १९४१ पासून ब्रिटनमध्ये केवळ विमाने ओळखायला शिकवणारे ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघू लागले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. प्रमाण होते एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांना एक इंच. आज बाजारात मिळणाऱ्या असंख्य किटचे प्रमाण हेच आहे.

युद्ध संपले. १९५३ मध्ये ‘एअरफिक्स’ची छोटी स्पिटफायर इंग्लंडमधल्या वूलवर्थच्या दुकानांत विकायला आली. मुले मोठी झाली तसे त्यांचे प्रश्नही वाढले. विमान बनवले, पण पोटाचा रंग कोणता? शेपटीवरचा क्रमांक कोणता? ही भूक ओळखून १९६५ पासून ‘प्रोफाइल पब्लिकेशन्स’च्या पुस्तिका निघाल्या. एका पुस्तिकेत एकच विमान. त्यात त्याचा इतिहास, छायाचित्रे आणि रंगीत चित्रे असत. चित्राखाली ते विमान कोणत्या स्क्वाड्रनचे, हेही छापलेले असे.

पण मूळ छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल. त्यातही एक मेख आहे. त्या काळच्या एका प्रकारच्या फिल्मवर लाल आणि पिवळा रंग जवळपास काळा दिसतो आणि निळा फिकट होतो. म्हणजे खरे छायाचित्रसुद्धा डोळ्यांना फसवते. मग लेखक कारखान्याची कागदपत्रे, वायुदलाचे आदेश, सापडलेले पत्र्याचे तुकडे असे सगळे ताडून पाहू लागले. जर्मन विमानांच्या रंगांवर १९८० मध्ये अमेरिकेत निघालेल्या मोनोग्रामच्या ग्रंथात तर रंगांचे प्रत्यक्ष नमुने लावलेले होते.

आता आपल्या जवळ येऊ. ब्रिटिश विमानांवरचे गोल चिन्ह लाल, पांढरे, निळे असे. पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची छायाचित्रे पाहा. मधला लाल ठिपका गायब आहे. कारण सरळ होते. जपानी विमानावर लाल सूर्य असे आणि घाईत दिसलेला लाल रंग आपल्याच माणसाच्या जिवावर उठला असता. म्हणून लाल काढला. आधी त्या जागी पांढरा आला, तोही फार उठून दिसतो म्हणून पुढे फिकट निळा.

ही निळी चिन्हे लावून भारतीय वैमानिक लढले. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली होती. त्याच ब्रह्मदेशात नवव्या स्क्वाड्रनचे नेतृत्व असगर खान यांनी केले. सहाव्या स्क्वाड्रनचे मेहर सिंग होते. हैदराबादचे इद्रीस लतीफ याच युद्धकाळात वैमानिक झाले.

फाळणी झाली आणि नववी स्क्वाड्रन पाकिस्तानच्या वाट्याला गेली. असगर खान १९५७ मध्ये पाकिस्तानी वायुदलाचे प्रमुख झाले, अर्जन सिंग १९६४ मध्ये भारताचे. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू असताना असगर खान यांनी अर्जन सिंग यांना फोन केला आणि दोन्ही वायुदले त्या चकमकीपासून दूर राहिली. इद्रीस लतीफ भारतातच राहिले, १९७८ मध्ये आपल्या वायुदलाचे प्रमुख झाले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल.

मग नवव्या स्क्वाड्रनचे १९४४ मधले हरिकेन कोणाचे मानायचे? भारताचे की पाकिस्तानचे? दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय सैन्याचा अधिकृत इतिहास लिहिणारा विभाग फाळणीनंतरही दोन्ही देशांचा संयुक्त होता. वायुदलाचा खंड त्याच विभागाचा. वाटणी झाली तरी त्या काळाची नोंद एकत्र झाली, ही गोष्ट आज किती जणांना ठाऊक आहे?

आपली खंत वेगळीच आहे. इंग्लंडच्या आकाशातल्या स्पिटफायरवर कपाटे भरतील इतकी पुस्तके निघाली. ब्रह्मदेशातल्या भारतीय हरिकेनच्या वाट्याला त्यात अनेकदा एखादे चित्र, चार ओळी आल्या. पुष्पिंदर सिंग यांच्यासारख्यांनी १९७० च्या दशकापासून ही उणीव भरायला घेतली. मराठीत मात्र हे शेल्फ जवळजवळ रिकामेच आहे. ज्याची नोंद राहत नाही त्याची प्रतिकृती कोणी बनवत नाही, आणि पुढच्या पिढीला ते विमान उडालेच नव्हते असे वाटू लागते.

सध्या इतिहासाच्या नावाने कोणीही काहीही ठोकून देतो. कोण निष्ठावान, कोण परका, हेही छातीठोकपणे सांगितले जाते. प्रतिकृती बनवणारा माणूस मात्र एका ठिपक्याचा रंग ठरवायला आठवडा घालवतो. तो विचारतो, छायाचित्र कुठे आहे, तारीख कोणती, क्रमांक जुळतो का? माणसांविषयी बोलतानाही आपण एवढेच विचारू लागलो तरी पुष्कळ झाले.