मोडी : बोरूचे वळण आणि खिळ्याची शिस्त

मोडी लिपीचा विचार मराठीत प्रायः इतिहाससंशोधनाचे साधन म्हणून झाला आहे. तिची उत्पत्ती, हेमाडपंताला परंपरेने दिले जाणारे श्रेय, कालपरत्वे बदललेली वळणे हे त्या विचाराचे ठरलेले विषय. मोडीचे खिळे पाडले गेले तेव्हा तिच्या प्रकृतीचे काय झाले आणि मराठी गद्याविषयीच्या आपल्या कल्पनेशी त्याचा काय संबंध पोचतो, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला.

मोडी ही गतीची लिपी आहे. लिहिणारा प्रथम कागदावर आडवी रेघ ओढतो आणि बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे ओवीत जातो. शब्दांत अंतर नसते, विरामचिन्हे नसतात, इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नाही. व्यंजन आणि स्वरचिन्ह एकमेकांत वळून जो आकार सिद्ध होतो, तो त्यांची केवळ बेरीज नसतो. खिळ्याचे तत्त्व नेमके उलट आहे. प्रत्येक आकार सुटा, पुनरावर्तनक्षम आणि शेजाऱ्याविषयी उदासीन असावा लागतो.

हा विरोध एकट्या मराठीचा नव्हे. ल्यों येथील रोबेर ग्रांजों याने १५५७ मध्ये फ्रेंच हस्ताक्षरावरून नाजूक, वळणदार खिळे कोरले व त्यांना फ्रेंचांचे स्वतःचे अक्षर मानले. पुढे मुलांना शिष्टाचार शिकविणाऱ्या पुस्तकांत ते रूढ झाले आणि त्यावरूनच ‘सिव्हिलिते’ म्हणून ओळखले गेले. परंतु रोमन अक्षराची जागा त्यांना घेता आली नाही.

श्रीरामपूरच्या छापखान्यातील प्रयोग याच जातीचा होता. १८०५ च्या मराठी व्याकरणात देवनागरी खिळे वापरणाऱ्या विल्यम केरीने १८१० चा मराठी कोश मोडीत छापला. व्यवहारात मराठी माणूस जी लिपी लिहितो तीच छापावी, ही त्यामागील दृष्टी समंजस होती. तथापि १८३१ चा मोल्सवर्थचा कोश बालबोधात निघाला आणि ग्रंथमुद्रणाची दिशा निश्चित झाली. मोडी दप्तरात आणि खाजगी पत्रात राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतही टिकली.

या विभागणीचा परिणाम केवळ लिपीपुरता नाही. बालबोधात छापले ते वाङ्मय आणि मोडीत लिहिले ते कागदपत्र, असा भेद नकळत रूढ झाला. १८९८ पासून राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांच्या नावातच तो दिसतो: पत्रे ही ‘साधने’ ठरली, गद्यकृती नव्हेत. शिवाय मोडी पत्र बालबोधात उतरविताना शब्द तोडावे लागतात, ऱ्हस्वदीर्घ ठरवावे लागतात, वाक्याचा शेवट कल्पावा लागतो. अखंड रेघेखाली वाहणाऱ्या गद्याला संपादक लय देतो आणि समीक्षक तीच लय मूळ लेखकाची म्हणून वर्णितो.

२०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला. संगणकीय अक्षरसंचात शेजारच्या चिन्हानुसार आकार बदलता येत असल्याने खिळ्याची जुनी अडचण पुष्कळशी दूर झाली आहे. पण सुबक मोडी अक्षर निमंत्रणपत्रिकेची शोभा होऊन राहिले, तर मूळ प्रश्न तसाच उरेल. छापील बखर वा पत्र हे एक लिप्यंतर, म्हणून एक अर्थनिर्णय आहे, हे मानूनच मध्ययुगीन मराठी गद्याच्या शैलीची चर्चा व्हावयास हवी.