औद्योगिक निवाडा
मालक-कामगार वाद तडजोडीने न मिटल्यास औद्योगिक न्यायाधिकरण (पूर्वी कामगार न्यायालयही) देते तो बंधनकारक निर्णय. पगार, महागाई भत्ता, रजा, कामाचे तास त्यातून ठरतात. मुंबईच्या कापडगिरण्यांविषयी १९४७ साली न्या. दिवेटिया यांच्या औद्योगिक न्यायालयाने दिलेला निवाडा सर्वांत ठळक: २६ दिवसांच्या कामाला किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले आणि एकाच कामाला गिरणीगणिक वेगळा पगार देण्याची रीत मोडली. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ प्रमाणे निवाडा प्रसिद्धीनंतर ३० दिवसांनी अंमलात येई, सामान्यतः वर्षभर टिके आणि नंतर भरती झालेल्यांनाही लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली.