उद्ध्वस्त शाळांसाठी लिहिलेले पुस्तक

1945 साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा अनेक देशांतील शाळांच्या प्रयोगशाळा नष्ट झाल्या होत्या. शिक्षक होते, मुले होती; तराजू आणि परीक्षानळ्या नव्हत्या. अशा शिक्षकांसाठी सिटी ऑफ लंडन स्कूलमधील विज्ञानशिक्षक जे. पी. स्टीफनसन यांनी एक पुस्तक लिहिले. हाताशी असलेल्या वस्तूंतून उपकरणे कशी करावीत, हा त्याचा विषय. युनेस्कोने ते 1948 मध्ये प्रसिद्ध केले.

गंमत अशी, की जिथे प्रयोगशाळा मुळात कधी नव्हतीच, तिथल्या शिक्षकांनाही ते फार उपयोगी पडले. पुढे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी देशोदेशी काम करताना जमवलेल्या प्रयोगांची भर पडली आणि 1956 मध्ये त्यातून विज्ञानशिक्षकांचे जाडजूड ‘सोर्स बुक’ तयार झाले.

शिक्षकांची आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हटली की आपल्याला परिषदा आणि विमानप्रवास आठवतात. ते भाग्य मोजक्यांचेच. इथे प्रवास केला तो प्रयोगांनी.

स्वतः केलेले उपकरण म्हणजे गरिबांची तडजोड, असे काहीजण मानतात. मला ते पटत नाही. विकतचा तराजू नुसता टेबलावर ठेवला की झाले. पट्टी आणि दोऱ्याचा करायचा, तर दोरा नेमका कुठे बांधायचा याचा विचार शिक्षकाला आधी स्वतः करावा लागतो.