हुमणी सगळीकडे सारखी का नसते?

एकाच गावात माळावरचा ऊस हुमणीने वाळतो आणि शेजारच्या भातखाचरात ती दिसतही नाही. याचे कारण म्हणजे प्रत्येक किडीची निसर्गात ठरलेली जागा असते. खाद्य, ओलावा, जमिनीचा पोत व शत्रू या गोष्टी तिची हद्द ठरवतात. हे ओळखले तर नियंत्रणाचा खर्च योग्य वेळी व योग्य जागी होतो.

दोन प्रकार, दोन जागा

- माळावरची हुमणी (होलोट्रॅकिया सेरेटा): हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत जास्त आढळते. भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात, त्यामुळे अशा झाडांजवळच्या शेतात प्रादुर्भाव अधिक दिसतो.
- नदीकाठची हुमणी (ल्युकोफोलिस लेपिडोफोरा): नदीकाठच्या ओलसर जमिनीत राहते. हिचे भुंगेरे पाला खाण्यासाठी झाडांवर फारसे जमत नाहीत.

हद्द कशाने ठरते?

- पाऊस: भुंगेरे जमिनीत सुप्त असतात. वळवाचा किंवा मॉन्सूनचा पहिला चांगला पाऊस झाला, की संध्याकाळी बाहेर पडतात.
- ओलावा: अंडी व लहान अळ्यांना ओल लागते, पण साचलेल्या पाण्यात अळ्या गुदमरतात. भातखाचरात त्या टिकत नाहीत त्या यामुळेच.
- खाद्य: लहान अळ्या कुजलेल्या पदार्थांवर जगतात, मोठ्या झाल्यावर मुळे कुरतडतात. कच्चे शेणखत म्हणजे त्यांना आयते घर.
- शत्रू: बगळे, कावळे, मैना अळ्या टिपतात, पण जमीन उघडी केली तरच.

तुम्ही काय करावे?

1. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत.
2. नदीकाठी झाडांवर विसंबू नका. तिन्हीसांजेला शेतातच भुंगेरे शोधून वेचावेत.
3. पीक निघाल्यावर खोल नांगरट दिवसा करावी.
4. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे.
5. जमिनीत ओल असताना मेटारायझियम बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यावी. कोरड्या जमिनीत ती वाढत नाही.

होलोट्रॅकियाची वर्षाला एकच पिढी होते. म्हणून जूनमध्ये अंडी घालण्याआधी मारलेली मादी म्हणजे पुढच्या सगळ्या अळ्या वाचल्या. ऊस पिवळा पडल्यावर, पूर्ण वाढलेल्या अळीवर औषध ओतून फारसे हाती लागत नाही. भुंगेरा बांध पाहत नाही, त्यामुळे गोळा करण्याचे काम सगळ्या शिवाराने एकाच वेळी करावे.