मजुराची पॉइंट टू-टू

शिकार म्हटली की आपल्यापुढे संस्थानिकांचे मचाण उभे राहते. अमेरिकेतल्या मजुराची शिकार म्हणजे खार नि ससा. रात्रीच्या कालवणाची सोय. बंदूक एकदाच घ्यायची, काडतूस रोजचे; हिशेब पडे तो काडतुसाचा. १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांनी रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू-टूचे आखूड काडतूस काढले. १८८७ च्या सुमारास स्टीव्हन्स कंपनीचे ‘लाँग रायफल’ आले. पितळ पातळ, दारू चिमूटभर, शिसे चाळीस ग्रेन. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच. मोठ्या गोळीने सशाच्या चिंध्या होतात, हिने मांस शाबूत राहते. उडवलेले काडतूस पुन्हा भरता येत नाही, पण स्वस्तच इतके की भरतो कोण! आपल्याकडे मात्र १८७८ च्या हत्यार कायद्याने परवान्याची अट घातली, युरोपियनांना तीतून सूट दिली. रानडुकरांपासून पीक राखायलाही आपल्या शेतकऱ्याने सरकारदारी अर्ज करायचा.