डेकोरेटरच्या हाती फक्त पावती

पायथनमध्ये डेकोरेटरची आजची खूण आली नोव्हेंबर २००४ मध्ये, २.४ आवृत्तीत. फंक्शनच्या डोक्यावर ‘ॲट’चं चिन्ह आणि एक नाव लिहायचं, की त्या फंक्शनवर वेष्टन चढतं. समजा, वेळ मोजायची आहे. वेष्टन घड्याळ बघतं, आतलं फंक्शन चालवतं, पुन्हा घड्याळ बघतं. यात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीत धरली होती: फंक्शन परत आलं म्हणजे काम झालं.

२०१४ च्या ३.४ आवृत्तीत असिंक-आयओ आलं. गंमत म्हणजे तेव्हा कोरूटीनची खूण हीच मुळी एक डेकोरेटर होती. पुढे युरी सेलिव्हानोव्ह यांच्या प्रस्तावावरून सप्टेंबर २०१५ मध्ये, ३.५ आवृत्तीत, ‘असिंक’ आणि ‘अवेट’ थेट भाषेतच आले. सी-शार्पमध्ये ही जोडी २०१२ पासूनच होती.

आता असिंक फंक्शनला नुसती हाक मारली, तर आतली एक ओळही चालत नाही. हाती येतो तो कोरूटीन. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात एखाद्या वर्कशॉपमध्ये तुम्ही जॉब टाकलात असं धरा. पावती लगेच मिळते, लेथ नंतर फिरतं. आपला साधा डेकोरेटर पावती फाडायला लागलेला वेळ मोजतो आणि खुशाल सांगतो, जॉब झाला!

वेळेचं एक वेळ सोडून देऊ. ‘नेटवर्क तुटलं तर तीनदा प्रयत्न कर’ असं सांगणारा डेकोरेटर जास्त घातक. चूक घडते अवेट करताना, आणि तोवर वेष्टनातला ट्राय-एक्सेप्ट संपून गेलेला असतो. दुसरा प्रयत्न होतच नाही. निकाल साठवणारा एलआरयू-कॅश तर पावतीच जपून ठेवतो. तीच पावती दुसऱ्यांदा अवेट केली की रनटाइम एरर.

उपाय सोपा आहे. वेष्टनही ‘असिंक डेफ’ करा आणि आत अवेट लिहा. साधी आणि असिंक, दोन्ही फंक्शनं एकाच डेकोरेटरला द्यायची असतील, तर इन्स्पेक्ट मोड्यूलला आधी विचारा, की हे कोरूटीन फंक्शन आहे का, आणि त्याप्रमाणे वेगळं वेष्टन द्या. फंकटूल्सच्या ‘रॅप्स’वर विसंबू नका. तो नाव आणि डॉकस्ट्रिंग उचलतो, असिंकपणा नाही.

कोरूटीनची ती जुनी खूण २०२२ मध्ये, ३.११ आवृत्तीत, काढून टाकली. पुढच्याच वर्षी ३.१२ मध्ये इन्स्पेक्टला एक नवी खूण मिळाली. साध्या दिसणाऱ्या पण कोरूटीन परत देणाऱ्या फंक्शनवर ती लावायची. तीही डेकोरेटरच.