चावडीची पायरी

आमच्या गावच्या चावडीला तीन पायऱ्या आहेत. 1943 साली आजी लग्न होऊन आली, तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं : पाटलांच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा हातात घ्यायच्या आणि चावडीकडे मान वर करून बघायचं नाही. पोळ्याला पहिला मान पाटलांच्या बैलांचा, होळीत पहिली पोळी पाटलांची. पाटील न्यायाने वागतो का, हे कुणी विचारत नसे. पाटीलकी वतनाने आलेली, तिथे प्रश्नच मिटला.

त्याच वर्षी आजीने वेगळे पुढारी पाहिले. गाव कुंडलच्या टापूतलं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातलं. इंग्रज सरकारला झुगारून भूमिगतांनी चालवलेलं प्रतिसरकार तिथे आकार घेत होतं. त्याचे पुढारी क्रांतिसिंह नाना पाटील एकेकाळचे तलाठी. ती नोकरी सोडून चळवळीत उतरलेले आणि बेचाळीसनंतर भूमिगत. आजी दुरडीत पंधरा-वीस भाकरी, वर ठेचा आणि त्यावर वैरणीची पेंढी ठेवून उसात लपलेल्या भूमिगतांना पोचवायची. "नानांचं बोलणं आपल्या घरातल्यासारखं गं," ती सांगायची, "म्हणून भ्या वाटायचं न्हाई." सावकाराने बळकावलेली जमीन, दारू, टाकलेली बाई, असले तंटे प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळात तुटायचे. चावडी ओस पडली.

पण आजी सगळंच गोड करून सांगत नसे. गुन्हेगाराच्या तळपायावर बसणारे फटके तिने आमराईच्या कडेने ऐकले होते. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. मला तिची ही आठवण फार मोलाची वाटते. ज्यांना ती स्वतःच्या हातची भाकरी पोचवत होती, त्यांच्याबद्दलही ती खरं बोलत होती. आणि न्याय करणाऱ्यांत बाई नव्हती, हेही ती विसरली नव्हती.

1962च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. त्याच वर्षी जिल्हा परिषदा आल्या, पुढारी मतं मागायला दारात येऊ लागले. 1993मध्ये घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. 2011पासून महाराष्ट्रात निम्म्या.

पुढच्याच वर्षी माझी चुलती सरपंच झाली. पहिल्या ग्रामसभेला त्र्याऐंशी वर्षांची आजी काठी टेकत चावडीपाशी आली. खालच्या पायरीशी थांबली, सवयीने वहाणा काढल्या आणि अनवाणीच वर चढू लागली. चुलती खुर्ची सोडून खाली आली, वाकून त्या वहाणा उचलल्या आणि पायरीवरच सासूच्या पायांत घातल्या.